चिलापीला दिलेलं नाव

३ जुलै २०२१
पोचलो एकदाचा! मेलबर्नमधलं आमचं हॉटेल कोविडने बंद पाडलं आणि मी थेट उत्तर क्वीन्सलंडच्या या तळ्यावर राखणदार झालो. तळं एवढंसं, त्यातही निम्मं पाणगवताने भरलेलं. मालक ऑलिव्हर अंकल आमच्या वसईचेच, तीस वर्षांपूर्वी इकडे आलेले. काम मजेचं आहे. केबिन्स झाडायच्या आणि रोज वेगवेगळं आमिष लावून मासे धरायचे, म्हणजे येणाऱ्या गिऱ्हाइकांना कुठे काय लागतं ते सांगता येतं. गवताच्या कडेला जिताडा (इथे त्याचा बारामुंडी होतो), तळाशी शिंगाळा, ओंडक्यांखाली वाम. मासेखाऊ माणसाला आणखी काय हवं! बायको, लुर्डस, मात्र मेलबर्नजवळ ट्रुगानिनातल्या आमच्या घरी एकटी आहे. महिनाअखेरीस तीही येईल.

४ जुलै
पहिला मासा! कणकेच्या गोळीला चिलापी लागली, चांगली जाडजूड. नव्या पाण्यातला पहिला मासा पप्पा घरातल्या कुणाचं तरी नाव घेऊन सोडून द्यायचे. पाण्याला घराची ओळख होते म्हणायचे. मी बायकोचं नाव घेतलं आणि सोडली. गळाने तिच्या तोंडाचा डावा कोपरा फाटला होता, तेवढं वाईट वाटलं.

अंकल भडकलेच. चिलापी इथली नाही, तळ्याची वाट लावते. मारून पुरायची असा कायदा आहे म्हणे. चिलापी पुरायची! मी वरवर हो म्हटलं.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल केला. लुर्डसच्या ओठाचा डावा कोपरा फाटला आहे. थंडीने असेल, म्हणाली.

११ जुलै
होडीत होतो, लुर्डस स्पीकरवर गप्पा मारत होती. गळ जड झाला. मी ओढू लागलो तशी ती बोलता बोलता घुसमटली. मासा वर आला. चिलापी, डावीकडे तोंड फाटलेली. मी दोरी कापून टाकली. लगेच तिला श्वास आला.

योगायोग असेल. तरी आज गळ पुन्हा पाण्यात टाकला नाही.

१५ जुलै
लुर्डस घशात काहीतरी टोचतंय म्हणते. कोविड टेस्ट निगेटिव्ह. एक्स-रेत काही नाही. माझा गळ त्या माशाच्या घशात राहिलाय, हे तिला कसं सांगू?

१९ जुलै
लुर्डसच्या तोंडाला चिखलाची चव येते. दिवसभर बाथटबमध्ये बसून असते, बाहेर आली की दम लागतो. पापण्या मिटत नाहीत.

अंकल सांगून गेले, शनिवारी गावातले चाळीसजण येणार. चिलापी मारायची स्पर्धा. मी हात जोडून सगळं खरं सांगितलं. ते हसले. मेट, एकटा राहून डोकं फिरलंय तुझं, म्हणाले.

२३ जुलै, सकाळ
उद्या शनिवार. तिकडे पुन्हा लॉकडाऊन, क्वीन्सलंडची बॉर्डरही गेल्या आठवड्यात बंद झाली. तिच्याजवळ जाता येत नाही. ती चिलापी आज मलाच धरायला हवी, जिवंत, पाण्याबाहेर न काढता. पहाटेपासून जाळं टाकतोय. जिताडे आले. वाम आली. शिंगाळ्याने हात फाडला. ती नाही. मला फार भीती वाटते आहे.

दुपार
सापडली! पाण्याखालीच बादली धरली. आता माझ्या केबिनच्या टबात आहे. लुर्डसला फोन लावून सगळं कबूल केलं. ती रागावली नाही. फक्त म्हणाली, इथल्या टाइल्स पांढऱ्या का दिसताहेत? आमच्या घरी त्या निळ्या आहेत. पांढऱ्या इथे—

तीन वाजता
अंकलची गाडी. बादली आणताना बघितलं असणार. पुढच्या दाराला पलंग लावलाय. हाका मारताहेत. फोन चालूच ठेवलाय, तिला म्हटलं, घाबरू नकोस, आत कुणी येत नाही—

हाका थांबल्या.

लुर्डस विचारते आहे, हा वाकून बघणारा म्हातारा कोण— बाथरूमचं मागचं दार मी लावलंच—