चेरीच्या झाडावरच्या तबकड्या

निंके,

आईचा बंद पडलेला जुना कॉम्प्युटर स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहे. तू आणलेला पेनड्राइव्ह त्याला लावू नकोस. शेजारचा श्यूर्ड म्हणतो, नवीन सिस्टीम भरण्याआधी तो पेनड्राइव्ह आतलं जुनं सगळं पुसतो. आईने तुझ्या पोरांसाठी वाचून रेकॉर्ड करून ठेवलेल्या गोष्टी त्यातच आहेत, दुसरीकडे कुठेच नाहीत.

तू फोनवर सांगितलीस ती दोन बटणं दाबून धरली, पण दुरुस्तीचा पडदा आलाच नाही. श्यूर्ड हसला. म्हणाला, "विबेकाका, हा त्या सोयीच्याही आधीचा आहे. याच्यासोबत आलेली सीडीची तबकडी आणा."

आता तबकडी कुठून आणू? घरातल्या सगळ्या तबकड्या आईने पक्षी येऊ नयेत म्हणून चेरीच्या झाडाला टांगल्या होत्या. मी सगळ्या उतरवल्या. उन्हाने अक्षरं उडालीत. गाण्यांची कुठली आणि कॉम्प्युटरची कुठली, काही कळेना. म्हणून सगळ्यांची पिशवीच घेऊन गावच्या सभागृहात गेलोय, आज श्यूर्ड तिथे लोकांच्या वस्तू दुरुस्त करत बसलाय. तबकडी चालली तर दोन पर्याय येतील म्हणे, एक जुनं ठेवणारा, एक पुसणारा. कुठला कोणता ते विसरलो, तेव्हा त्यालाच सोबत आणतो.

वाटाण्याचं सूप गरम करून घे.

तुला तो कॉम्प्युटर अडगळ वाटतो, माहीत आहे मला. पण तिचा आवाज आत अजून आहे की गेला, तेच मला समजत नाहीये. ते समजेपर्यंत पुसायचं नाही.

बाबा