बिनहाताची खुर्ची

सोमवार, ३ फेब्रुवारी १९५८. भोपाळ.
एकत्रित सेवाज्येष्ठतेची यादी या महिन्यात नक्की लागणार म्हणतात. नवे राज्य होऊन पंधरा महिने झाले. मला नागपूरहून इकडे पाठवले, पण माझे ड्राफ्ट्समनचे पद इथे अजून मान्य नाही. काम मात्र रोज घेतात. मला चिंता नाही. डिप्लोमाला ड्रॉइंगमध्ये पहिली आले होते. माझे नाव वगळतील कशाला?
जिन्याच्या कोपऱ्यात पानाची नवी पिचकारी, कालच्या पिचकारीवर. किळस.

गुरुवार, ६ फेब्रुवारी.
अधीक्षक नीळकंठरावांनी केबिनमध्ये बोलावले. पूर्व जर्मनीचे दिल्लीतले व्यापारी प्रतिनिधी श्री. क्रामर नकाशे छापायचे यंत्र बसवून द्यायला येणार आहेत. त्या देशाशी आपल्या सरकारचे रीतसर संबंध नाहीत. यंत्र घ्यायला हरकत नाही. माणसाचे स्वागत करायला आहे. तीन अधिकाऱ्यांनी फाइल एकमेकांकडे ढकलली. शेवटी नीळकंठरावांनी माझे नाव सुचवले.
मलाच का, हे विचारले नाही. उघड आहे. नागपुरात मी वर्षभर जर्मनचा वर्ग केला होता. त्यांना कसे कळले कोण जाणे.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी.
सूचना लिहून घेतल्या. हार नाही. फोटो नाही. ‘प्रतिनिधी’ म्हणायचे नाही, ‘श्रीयुत’ पुरे. हातांची खुर्ची अधिकाऱ्यांसाठी, पाहुण्यांना बिनहाताची. चहा द्यायचा, बिस्किटे नाहीत. बिस्किटांनी त्याचा समारंभ होतो, असे हेडक्लार्क गोपीनाथबाबूंचे मत. पाहुण्यांनी हस्तांदोलनाला हात पुढे केला तर काय, असे मी विचारले. नीळकंठरावांनी बराच विचार केला. म्हणाले, नमस्कार करा, तो काय कोणालाही करतात.

रविवार, ९ फेब्रुवारी.
जर्मनची चाळीस वाक्ये पाठ. राखाडी साडीला दोनदा इस्त्री. पहिल्या खेपेस निऱ्यांवर डाग राहिला होता. माझ्या खोलीत राहणारी वंदना शाळेत शिकवते, त्यामुळे तिला प्रत्येक गोष्टीवर शेरा मारायची सवय आहे. म्हणाली, एवढी तयारी तर मुली दाखवायच्या दिवशीही करत नाहीत. मी सांगितले, माझी कसलीही अपेक्षा नाही. फक्त चहाच्या वेळी त्यांच्याकडच्या ट्रेनिंगचा विषय काढायचा. सहज.

बुधवार, १२ फेब्रुवारी.
श्री. क्रामर आले. मी जर्मनमध्ये सहा वाक्ये बोलले. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि इंग्रजीत विचारले, तुम्हाला इंग्रजी येते का?
दुपारी त्यांनी माझ्या ड्रॉइंग टेबलावर उकडलेले अंडे सोलले. टरफले सेटस्क्वेअरच्या खणात टाकली. मग खिशातून बोटभर कागदी झेंडा काढून टेबलावर रोवला. मी त्यावर ट्रेसिंगचे कापड टाकले. झेंडा दिसला असे कोणी म्हणणार नाही.
नीळकंठराव व्हरांड्यातून तीनदा गेले. तिन्ही वेळा भिंतीकडे पाहत. मोठ्या साहेबांना आज नेमकी रजा.
ट्रेनिंगचा विषय राहिला. अंड्याच्या वासात काढवला नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी.
यंत्र सुरू झाले. छपाईला लागणाऱ्या अमोनियाने डोळे वाहतात, सगळे पळाले. प्रिंट एका कडेला फिकट येत होती. क्रामर दोन तास यंत्रातल्या दिव्याशी खटपट करत होते. मी मोजून पाहिले: रोलर दोन मिलिमीटर तिरपा. सरळ केला. ते म्हणाले, तुमच्याबद्दल मी कळवणार आहे. मी म्हटले, गरज नाही.
दिल्लीहून टपाल तीन दिवसांत येते. रविवार धरला तर चार.

सोमवार, २४ फेब्रुवारी.
पत्र आले. पत्त्यात ‘मुख्य ड्राफ्ट्समन, कु. मनोरमा देशकर’. आत सहा महिन्यांच्या ट्रेनिंगची शिफारस. गोपीनाथबाबूंनी आवक रजिस्टर उघडले, लेटरहेड वाचले आणि पेन खाली ठेवले. “बहनजी, कहाँ से आया लिखूँ? अपने हिसाब से तो वो मुल्क है ही नहीं।”
दिल्ली लिहा म्हटले. ते म्हणाले, कागद खोटे बोलत नाही. पत्र तूर्त रजिस्टरखाली. नीळकंठराव मार्ग काढतील. मला निवडले त्यांनीच.

शनिवार, १ मार्च.
यादी लागली. तीनशे बारा नावे. वरून वाचली, मग खालून. माझे नाही.
त्या पत्राचा आधार घ्या, असे सांगायला नीळकंठरावांकडे गेले. वर्षभर शिकलेले जर्मन कामी आले, हेही बोलले. त्यांनी चष्मा काढला. “तुम्हाला जर्मन येतं?”
मग फाइल पुढे सरकवली. त्यांच्याच अक्षरात शेरा: ‘श्री. क्रामर यांची कोणत्याही अधिकाऱ्याने अथवा कर्मचाऱ्याने भेट घेतलेली नाही. कु. देशकर हजर होत्या. त्यांचे पद अद्याप मान्य नसल्याने ती भेट धरता येत नाही.’
तुमच्यामुळे खाते वाचले, असे म्हणाले. मनापासून म्हणाले, हे जास्त वाईट.
यंत्राची स्टॉक रजिस्टरला नोंद झाली आहे. नंबर ११७.

सोमवार, ३ मार्च.
गोपीनाथबाबूंनी पत्र माझ्या हातात दिले. मी पोच म्हणून सही करू लागले, तर म्हणाले, नको. आलेच नाही, त्याची पोच कसली.
माझे स्टूल यंत्रापाशी नेले आहे. त्या जागी बिनहाताची खुर्ची ठेवली आहे. बसले. चहा आला.
बिस्किटे नव्हती.