बिशपचा रंग

६ ऑक्टोबर

बिशप पडला! बाबा वर्षानुवर्षं ज्याच्या मागावर होते, तो आमच्या डोंगरावरचा सगळ्यात मोठा नर हरीण. अंधारून आलं होतं. बाबांचे डोळे आता अधू, म्हणून दुर्बीण माझ्याकडे. "बुर्गी, तोच ना गं?" "तोच, बाबा. मारा!" एकच बार.

डाव्या शिंगाचा सगळ्यात खालचा फाटा मोडलाय. झुंजीत गेला असणार. नेमका तोच, जो बिशपचा दरवर्षी खाली वाकलेला असायचा! बाबांनी हॅट काढली. फर वृक्षाची डहाळी त्याच्या तोंडात ठेवली — शेवटचा घास, शिकाऱ्यांची रीत — आणि दुसरी आपल्या हॅटमध्ये खोचली. एवढा मोठा जीव, आणि एवढा शांत.

९ ऑक्टोबर

कवटी उकळून झाली. शिंगं उचलायला दोन्ही हात लागतात. दरवर्षी गळायची आणि उन्हाळ्यात पुन्हा एवढीच्या एवढी उगवायची! मग त्यानं ती झाडांवर घासायची, सालींच्या रसानं रंगेपर्यंत. म्हणजे आख्खं रानच डोक्यावर घेऊन हिंडायचा की तो.

११ ऑक्टोबर

घात केला मी! कवटी पांढरी व्हावी म्हणून ब्लीचचा कापूस तिला गुंडाळून शेतावर गेले. कापूस शिंगांना टेकलेला, ब्लीच वर चढलं. निम्मी शिंगं खडूसारखी पांढरीफटक! ठिगळ दिसू नये म्हणून उरलेला रंगही काढून टाकला. वसंतात गावच्या शिकाऱ्यांचं शिंगांचं प्रदर्शन, बाबांची ही शेवटची शिकार — आणि मी ही अशी! बाबांना सांगायची हिंमत नाही.

१२ ऑक्टोबर

शेजारच्या क्रेसेन्झनं पाहिलंच. "अगं बये, कवटी धुवायची होती. शिंगांना कशाला आंघोळ घातलीस?" पोट धरून हसली मेली. मग स्वतःच घरी जाऊन शिंगं पुन्हा रंगवायला पोटॅशियम परमँगनेट घेऊन आली. "म्हाताऱ्याला कळता कामा नये हं."

१९ ऑक्टोबर

ब्रश फिरवला — जांभळं! रडकुंडीला आले. आणि मग डोळ्यांदेखत ते तपकिरी व्हायला लागलं! काम सोडून नुसती बघत बसले. खाचांमध्ये अक्रोडाच्या सालीचा काढा भरला. बाबांना मागच्या वसंतात रानात सापडलेलं बिशपचं गळलेलं शिंग शेजारी ठेवलंय. त्याच्याशी हुबेहूब जुळेपर्यंत थांबायचं नाही.

२४ ऑक्टोबर

टोकं पॉलिशपेपरनं घासली. काय उजळली! वर मेण. फळीवर बसवून बाबांच्या मांडीवर दिली. ते खिडकीशी उजेडात गेले, बुंध्यापासून टोकांपर्यंत बोटं फिरवली. मोडक्या फाट्याशी जरा रेंगाळले.

"तुझ्या आईनं बघायला हवा होता," एवढंच म्हणाले. सुटले मी!

२५ ऑक्टोबर

बाबा जेवता जेवताही त्याच्याकडे तोंड करून बसतात. माझे हात अजून तपकिरीच.

४ मार्च

उद्या प्रदर्शन. बाबांनी फळीखालच्या पट्टीवर माझ्याकडून नाव लिहून घेतलं. 'बिशप'. अक्षर चांगलं काढ म्हणे!

५ मार्च

सकाळी क्रेसेन्झ दारात. हसत नव्हती. ओढ्याकाठी सापडलेलं शिंग तिच्या हातात. ताजं गळलेलं, बुंध्याशी रक्त. डावं. सगळ्यात खालचा फाटा खाली वाकलेला.

बाबांनी ते चाचपलं. पुन्हा चाचपलं. "जिवंत आहे गं तो!" हसत होते, आणि गालांवरून पाणी.

मग उठले. हॅटमधली वाळलेली डहाळी काढून फळीवरच्या शिंगांत ठेवली. "माफ कर रे. इतके दिवस तुला दुसऱ्याच्याच नावानं हाक मारली." आणि माझ्याकडे वळून, "बुर्गी, याचा स्वतःचा रंग कसा होता गं?"

मला आठवेना.