चोळू नये अशी पोटरी

आई, सासूला कुणी पत्र लिहितं का, तेही ती जाऊन अकरा वर्षं झाल्यावर, असं तुम्हीच नाक मुरडून म्हणाला असतात. पण बाळंतिणींना चोळणाऱ्या बाईची भीती तुमच्याशिवाय कुणाला कळणार? ही विद्या तुमचीच.

धायरीत एक पहिलटकरीण आहे. सिझेरियन, आज सोळावा दिवस. ऑफिसात मोठ्या हुद्द्यावरची मुलगी, पण घरी आल्यापासून भिंतीकडे बघत पडलेली. झोप नाही, बोलणं नाही. तिची आई म्हणते, "मावशी, तुमच्या हाताखाली तेवढी जरा माणसात येते हो." खरंच येते. पाठीत तेल जिरायला लागलं की आधी रडते, मग बोलते. माझंही तसंच झालं होतं. माझं पहिलं बाळ दोन दिवसांचं होऊन गेलं, तरी बिबवेवाडीच्या घरात तुम्ही मला रोज चोळायचात. एकदा मी म्हटलं, आता कशाला? तुम्ही म्हणालात, "बाळ गेलं. तू बाळंतीण आहेसच ना? हो पालथी." त्या दिवशी मी पहिल्यांदा मोठ्याने रडले आणि तुम्ही हात थांबवला नाहीत. तेव्हाच मी तुमच्याकडून हे काम शिकायचं ठरवलं.

तुमचा नियम होता, आधी बाळंतीण, मग बाळ. आणि तेलाला हात लावण्याआधी कोरड्या हाताची पालथी बाजू दोन्ही पोटऱ्यांवर ठेवायची. एक गार आणि एक गरम लागली की वाटी बाजूला, सरळ दवाखाना. आत रक्ताची गाठ असली तर चोळल्याने सुटते, छातीत जाते. तुमच्या डोळ्यांदेखत एक पोर गेली होती. एकदा मी विसरले तर माझ्या हातातली वाटी काढून घेतलीत. "चोळायला काय, कुणीही चोळतं. कुठे चोळू नये ते कळतं का?"

आज बाळाने घर डोक्यावर घेतलं होतं, म्हणून आधी त्यालाच घेतलं. माझे हात तेलाने माखलेले, गरम. तेवढ्यात ती म्हणाली, "मावशी, डावी पोटरी ठणकतेय, जरा दाबा ना." मी बसले चोळायला. बोलता बोलता तिला झोप लागली, आठवड्यात पहिल्यांदा! मला इतकं बरं वाटलं की मी चोळतच राहिले. तेल पुसायला फडकं घेतलं तेव्हा दिसलं, डावा पाय उजव्याच्या दीडपट, तुकतुकीत. गाल टेकवून पाहिला तर चटका. तिच्या आईला म्हटलं, पाय सुजलाय, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या, चालवू नका. रिक्षाही मीच आणली. पण तो पाय मी चोळला, हे सांगितलं नाही.

दुपारी तिच्या नवऱ्याचा फोन आला. "मावशी, गाठच निघाली. इंजेक्शनं सुरू केलीत, पण अजून धोका आहे म्हणाले. डॉक्टर विचारत होते, कुणी चोळलं वगैरे नाही ना? मी म्हटलं, छे हो, आमच्या मावशींनीच तर ओळखलं." मी "बरं" म्हटलं. नुसतं बरं!

डॉक्टरांना खरं कळायला हवं, एवढं मला समजतं. पण मग माझ्या हातात कोण आपलं माणूस देईल? आणि त्या पोरीला काही झालं तर, मी गप्प बसले म्हणून झालं, हे कुठे घेऊन जाऊ? तासभर झाला, त्याला करायचा फोन सोडून तुम्हाला लिहीत बसलेय, कारण तुम्ही आता ओरडू शकत नाही.

नंबर लावलाय. वाजतोय. कबूल करते आई, त्याने उचलू नये असं वाटतंय.