विहीणबाईंच्या येसराची चार हजार लोकांपुढे झालेली शोभा

तारनाका, हैदराबाद
रविवार

माननीय व्याही भगवंतराव यांस,

किशनरावाचा, मान खाली घालून, सप्रेम जयभीम.

आपला गुडघा आता जिना चढू देतो की नाही, ते कळवावे. येथे आमच्या सौ. विमलाबाईंचा रक्तदाब आटोक्यात आहे आणि चिरंजीव प्रबुद्ध कचेरीच्या कामात बुडालेला आहे. मी प्रकृतीने ठणठणीत असून अब्रूने मात्र अंथरुणाला खिळलो आहे. त्याचे कारण नांदेडास माझ्याआधीच पोहोचले आहे. तरी ते माझ्या शब्दांतही आपणांपर्यंत यावे, म्हणून हा लेखनप्रपंच. (पत्र आपल्या नावे आहे, कारण विहीणबाई इंदुताईंच्या नावे लिहिण्याचे धैर्य मला झाले नाही.)

इंदुताई आमटीचे येसर भाजून, दळून बसने पाठवितात, प्रबुद्ध ते गौलीगुड्याच्या बसस्थानकावरून आणतो, आणि आपली कन्या म्हणजे आमची सून निशिगंधा त्याच्या पुड्या बांधून, त्यांची छायाचित्रे इन्स्टाग्रामवर चार हजार लोकांपुढे लावून विकते, हे आपण जाणताच. दिवसा तिला नोकरी असल्यामुळे लोकांच्या अभिप्रायांना उत्तरे देण्याचे काम तिने माझ्याकडे सोपविले. "बाबा, तुमचं मराठी किती शुद्ध! फक्त छान-छान लिहा," एवढीच तिची सूचना होती. रेल्वेच्या कचेरीत मसुदे लिहिण्यात माझी हयात गेली. एकही पत्र मी कधी अनुत्तरित ठेवले नाही. या वेळी ठेवले असते तर बरे झाले असते.

पहिला अभिप्राय चिक्कडपल्लीच्या कोणा माधवीबाईंचा होता. आमटी अप्रतिम झाली, असे त्यांनी लिहिले होते. आता, जेवणाऱ्याने वाखाणावे आणि वाढणाऱ्याने "छे, आज काही जमलंच नाही" म्हणावे, हा आपल्या मराठवाड्याचा शिष्टाचार. त्यास अनुसरून मी उत्तर दिले, "हा आपल्या मनाचा मोठेपणा. वस्तुतः आमचे येसर सामान्यच आहे. यंदा धने अंमळ करपले आहेत. गोड मानून घ्यावे." (धने करपले नव्हते. परंतु नम्रतेला काही तपशील लागतोच.) अर्धा किलो मागवू का, असे विचारणाऱ्या एका गृहस्थांस मी कळविले की, आधी चिमूटभर घेऊन पाहावे, आपल्या घरी याहून उत्तम होत असेल. एका मुलीने आमटीचे छायाचित्र लावून खाली लाल बदामांची रांग काढली होती. तिला, चित्रात दिसते तितके ते प्रत्यक्षात नाही, असे सौजन्याने लिहिले.

मागणी आटली. निशिगंधा बिचारी इन्स्टाग्रामला दोष देत राहिली. खालच्या मजल्यावरचे सलीमभाई तेवढे मला जिन्यात अडवून म्हणाले, "क्या किशनसाब, अपनेच माल को कायकू गिरा रैं?" मी त्यांना विनयाचे महत्त्व समजावून सांगितले. "हौ, मगर ये दावत नै, दुकान है ना!" असे म्हणून ते निघून गेले. मला त्यांची कीव आली. आज ते भेटले की मी वळून दुसरीकडे पाहतो.

त्यानंतर इंदुताईंचा फोन आला. माझ्या भाषेचे कौतुक ऐकण्यासाठी मी खुर्चीत ताठ बसलो.

"भाऊ, धने करपले म्हणे?"

मी सांगितले की, घरच्या जिनसेला कमीपणा घेणे ही केवळ रीत आहे.

"कुणाच्या घरच्या? सून तुमची, येसर माझं!"

भगवंतराव, त्या क्षणी मी ज्या खुर्चीत ताठ बसलो होतो तिच्यातच विरघळलो. इंदुताईंच्या पंगतीत मी पानावर बसलेला पाहुणा, आणि तोंडी शब्द मात्र वाढप्याचे! जन्मभर इतरांच्या वाक्यातला कर्ता शोधून दिला. आमटीचा कर्ता कोण, एवढे मला सुचू नये?

ज्या जागी अपमान झाला त्याच जागी, त्याच चार हजार लोकांपुढे तोंडाने माफी मागेपर्यंत येसर पाठविणार नाही, असे त्यांनी बजावले.  निशिगंधेने रिकामे डबे धुऊन माळ्यावर चढविले, ते मी पेपराआडून पाहिले. मग मीच व्हिडिओस तयार झालो. तिने तांब्याला फोन टेकवून ठेवला. "हे येसर सर्वोत्कृष्ट आहे," इथवर ठीक होई. पुढे जीभ आपणहून "असे लोक म्हणतात" जोडी. कधी "तसे बरे आहे" असे निघे. शेवटी "राहू द्या, बाबा," म्हणून तिने फोन उचलला. त्या "राहू द्या"पेक्षा ओरडा परवडला असता.

इंदुताईंची मी मनःपूर्वक क्षमा मागतो. माझ्या जिभेचा दंड पोरीच्या धंद्याला नसावा.

आपला अपराधी व्याही,
किशनराव

ता. क. व्हिडिओची अट शिथिल करून लेखी माफी ग्राह्य धरावी, अशी शिफारस आपण करावी.

ता. क. २. मूळ विनंती लिहावयाची राहिली. घरातले येसर संपल्यापासून विमलाबाई बाजारच्या मसाल्याची आमटी करतात. ती माझ्या घशाखाली उतरत नाही. एक पुडी माझ्या नावे, निशिगंधेस न कळविता, पाठविता आली तर पाहावे.

ता. क. ३. पाकीट चिकटविण्यापूर्वीच पुढील प्रकार घडला. विमलाबाईंनी फडताळात मागे राहिलेल्या एका डब्याच्या तळाचे येसर खरवडून आज आमटी केली. कोणी पाहत नाही अशा समजुतीने मी वाटी बोटाने पुसून चाटली. निशिगंधा पाहत होती, तिच्या हाती फोन होता, आणि आता ते दृश्य चार हजार लोकांपुढे आहे. त्याखाली इंदुताईंनी एक बदाम काढून लिहिले आहे, "भाऊ, बोट धुवा. डबा बसमध्ये ठेवलाय."

तेव्हा आता या पत्राचे प्रयोजन उरले नाही. तरीही पाठवीत आहे, कारण मसुदा निर्दोष उतरला आहे. (म्हणजे, तसा सामान्यच आहे. गोड मानून घ्यावा.)