तबिथाची बारावी, घरच्या घरी

३ जून
बंगळूरहून पार्सल आले. घरी शिकवायच्या बारावीच्या ख्रिस्ती पुस्तिकांचा शेवटचा संच, ३४०० रु. उत्तरांच्या चोपड्या, ६०० रु. सोनेरी काठाचे ग्रॅज्युएशन सर्टिफिकेट, कोरे, १५० रु. पार्सलवाला जिना चढल्याचे वीस मागत होता. पाणी दिले. प्रभूची स्तुती असो.

सर्टिफिकेटावर 'प्रिन्सिपॉल' अशी जागा आहे. तिथे माझी सही. मी मॅट्रिक असले तरी सही चांगली आहे.

प्लॅन पक्का. जुलैअखेर पुस्तिका संपवायच्या, चर्चमध्ये उपासनेनंतर मंडळीसमोर समारंभ, लगेच नर्सिंगला ॲडमिशन. तबिथाला लहानपणापासून नर्सच व्हायचे आहे. लोक क्लासवाल्यांच्या घशात पैसे ओततात. मूर्ख.

९ जून
नणंदबाई सुगंधा आल्या. मुरगूडला हायस्कूलात मास्तरीण. पुस्तिका चाळून म्हणाल्या, "वैनी, दहावी तरी बाहेरून बसवून बोर्डाची केलीसा. ह्याला बोर्ड कुठलं हाय?" मी म्हटले, वरचे. त्यांनी छताकडे पाहिले. अशा बाईकडे लोक पोरे पाठवतात!

म्हणे ओपन बोर्ड आहे. अभ्यास घरीच, फक्त नाव घालायचे आणि परीक्षा द्यायची. मुदत जुलैअखेर. म्हणजे शिकवायचे मी आणि शिक्का मारायचा त्यांनी.

बिस्किटे मात्र सगळी खाल्ली.

१८ जून
केमिस्ट्री प्रॅक्टिकल. लिंबू, खायचा सोडा, हळद. हळद लाल झाली. शंभरात अठ्ठ्याण्णव दिले. दोन कापले, ओट्यावर सांडले म्हणून. तबिथा म्हणाली, "आई, खऱ्या लॅबमध्ये ब्युरेट असतं." कुठून शिकते हे? मोबाइल. शिक्षा म्हणून एक स्तोत्र पाठ करायला दिले. छान केले. ते मार्क फिजिक्सला धरले.

८ जुलै
नर्सिंग कॉलेजात जाऊन आलो, तबिथा आणि मी. मॅट्रन ख्रिस्ती, म्हणून अर्धे काम झाले असे धरूनच गेले होते. मी आखलेली मार्कशीट तिने वाचली. विचारले, पेपर कोणी काढले? म्हटले, पुस्तिकेतच असतात. तपासले कोणी? मी. मग म्हणाली, "वर्गात कितवी आली?" पहिली, असे ठणकावून सांगितले. माझ्याकडे बघितलेच नाही. तबिथाला म्हणाली, "बाळ, हुशार दिसतेस. बोर्डाची बारावी घेऊन ये."

लिपस्टिक लावून प्रार्थना करणाऱ्या बायका!

येताना एसटीत तबिथा सगळा वेळ खिडकीकडे तोंड करून होती. तिला गाडी लागते.

१५ जुलै
जेवताना ह्यांनी तोंड उघडले. वर्षातून दोनदा उघडतात. "नाव घालूया की पोरीचं. काय बिघडतंय?" मी विचारले, मग माझ्या बारा वर्षांचे काय? पुन्हा आमटी वाढून घेतली. म्हणजे पटले. तबिथा भाकरी मोडत राहिली, खाल्ली नाही. समारंभाचे टेन्शन असणार.

जुन्या छत्रीच्या कापडाची ग्रॅज्युएशनची टोपी शिवली. आत साडीच्या बॉक्सचा पुठ्ठा. एका बाजूला कलते, पण विकतची काय वेगळी असते?

२२ जुलै
तबिथा आत्याकडे मुरगूडला गेली, चार दिवस. ह्यांनीच एसटीत बसवले. सोबत दहावीचे सर्टिफिकेट, आधार कार्ड आणि फोटो कशाला, विचारले. म्हणाली, "आत्याला दाखवायला." आत्याने काय भाचीला पाहिले नाही? भोळी पोर.

२६ जुलै
पंचगंगा पात्राबाहेर. मुरगूडचा रस्ता बंद. तबिथा अडकली. समारंभ रविवारीच. देव पाणी ओसरवेल.

२८ जुलै, रविवार
ओसरवले नाही. समारंभ केला. पाळकसाहेबांनी चर्चचा हॉल ऐनवेळी दुसऱ्यांना दिला, म्हणून घरीच. मंडळीतले कोणी आले नाही. पूर. त्यांच्या गल्लीत थेंब नाही, पण लोकांना निमित्त लागते.

शेजारच्या शालूबाई तेवढ्या केकला आल्या. म्हणाल्या, "पोरगी न्हाय, मग पास कोण झालं? तुम्ही व्हय?" कसली पोच नाही ह्या बाईला.

सर्टिफिकेटावर सही केली. नाव तिच्यासमोर घालीन.

३० जुलै
रस्ता सुरू. मुरगूडची एसटी आली, तबिथा नाही. ह्यांना विचारले. चपला पुसत म्हणाले, नाव घातले ओपन बोर्डाला, पूर यायच्या आधीच. फी ह्यांनीच भरली. सायन्स सुगंधाबाई शिकवणार, परीक्षेपर्यंत पोरगी तिथेच राहणार. "आईला दुखवायचं न्हाय म्हणत रडली गं. पण नर्स व्हायचंय म्हणाली." मी विचारले, रडली कधी? म्हणाले, "लई वेळा."

ठरवले. त्या दोघींशी जन्मात फोनवर बोलणार नाही.

१२ ऑगस्ट
बोललेले नाही. पत्र लिहिले. पत्र म्हणजे बोलणे नव्हे. नक्कल:

"तबिथा, आत्याच्या घरी सकाळची प्रार्थना होत नसणार, तू करत जा. इथे सगळे ठीक. दहा वाजले की मी अभ्यासाचे टेबल मांडते. परवा तुझ्या वडिलांना बसवले होते, पळाले. त्या ओपन बोर्डाच्या सेंटरवर मी जाऊन आले. काम काही नव्हते, वाटेवरच आहे. तिथला माणूस म्हणाला, प्रॅक्टिकलला पांढरा ॲप्रन लागतो. तिकडे शिवायला टाकू नकोस, शिंपी लुटतात. कापड मी आणले आहे. खांदा आणि बाही, दोन्ही मापे उलट टपाली कळव."