सुधीरचं गुऱ्हाळ, माझं सनीव्हेल

६ ऑक्टो. १९८५
रविवार. सुधीरचा फोन. इकडे संध्याकाळ, तिकडे सोमवारची सकाळ. फोनसाठी तो इंडोनेशियातल्या त्या गावातून जीपने शहरात येतो. लाइन खराब, आपलाच आवाज परत आपल्या कानात. शेडवर पत्रे चढले म्हणे. चुलाण बांधून झालं, कढई येतेय. ‘तू बघायला हवं होतंस!’ हे दोनदा. जूनमध्ये गेला तेव्हा ‘दोन-तीन महिने’ म्हणाला होता. मी आठवण करून दिली नाही. त्यानेही विषय काढला नाही.
मुक्ताला दिला फोन. तो मराठीत विचारतो, ती इंग्लिशमध्ये उत्तरं देते. ‘फाइन, बाबा. ओके, बाबा.’ संपलं.

११ ऑक्टो.
ऑफिसात आमच्या रांगेतली तीन क्युबिकल्स रिकामी. कॉम्प्युटर चिप्सचा धंदा बसलाय. खोक्यात फोटो, कप भरून माणसं गेली. रॉनने (माझा मॅनेजर) त्यांचं टेस्टिंगचं काम माझ्या टेबलावर आणून ठेवलं. ‘तू काही कुठे जाणार नाहीस,’ हसून. त्याला माहीत आहे. ग्रीनकार्डची फाइल कंपनीने केलेली. मी नोकरी सोडली की फाइल संपली. शनिवारी येशील का, विचारलं. विचारलं म्हणजे सांगितलं.

२० ऑक्टो.
आज राग आला, नीट आला, म्हणून लिहून ठेवते.
माझा व्हिसा कामाचा, त्याचा माझ्यामागून आलेला. त्याला इथे काम करायला बंदी. शेतकी कॉलेजचा पदवीधर, कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळवाल्यांचा मुलगा, तीन वर्षं या दोन खोल्यांत बसून. बाल्कनीत मिरच्या लावायचा. मी घरी आले की आज किती फुलं आली ते सांगायचा. ते ऐकताना मला बूटसुद्धा काढवत नसत.
मग वरच्या मजल्यावर हादी राहायला आला. जावा बेटावरचा. बोलता बोलता म्हणाला, आमच्या गावात घरोघरी नारळाच्या झाडाचा रस काढून आटवतात, त्याला ‘गुला’ म्हणतात. सुधीर खुर्चीतून उठलाच. ‘अगं नलू, गूळच तो!’ त्या दिवशी त्याचा चेहरा... लग्नानंतर पहिल्यांदा तसा पाहिला.
तिथल्या बायका चुलीच्या धुरात एकेकट्या आटवत बसतात. सगळ्यांचं मिळून एक गुऱ्हाळ घालू, मोठी कढई, नीट चुलाण. कल्पना वाईट नव्हती. परक्याला जमीन घेता येत नाही, म्हणून जागा हादीच्या थोरल्या भावाच्या नावावर. बचत आमची सगळी. मीच सही केली. कोणी हात धरला नव्हता.
राग कुणाचा मग?

१० नोव्हें.
फोन. पहिला घाणा उतरला! रडत होता बहुतेक. लाइन तशी होती, सांगता येत नाही. पहिल्याच दिवशी अर्ध्या गावाने रस आणून ओतला म्हणे.
‘तुम्ही दोघी या ना डिसेंबरात.’
‘वकील काय म्हणालाय? देशाबाहेर पाय ठेवला तर फाइल बंद.’
‘हो, विसरलोच.’
विसरला.

१३ नोव्हें.
देवधर काकूंकडे फराळाला. मी येईपर्यंत मुक्ता शाळेनंतर त्यांच्याकडेच असते. काका डॉक्टर होते, आता रिटायर. चकल्या तळता तळता काकू म्हणाल्या, ‘नवरा परदेशी गेलाय असं म्हणावं, तर आपणच परदेशात. तुझं काय म्हणायचं गं?’ बाकीच्या बायका हसल्या. मीही. घरी येताना गाडीत मुक्ता : ‘आर यू अँड बाबा डिव्होर्स्ड?’ म्हटलं, नाही. ‘देन व्हॉट इज इट?’
सिग्नल हिरवा झाला ते बरं.

१५ डिसें.
फोन नाही. पाऊस, पूल, काहीतरी असेल. स्वयंपाक करून फोनपाशी बसून जेवलो दोघी.

१५ जाने. १९८६
हादीच्या कुणा नातलगाबरोबर सु.ने गूळ पाठवला. करवंटीत ओतून केलेल्या काळसर ढेपा, केळीच्या सोपटात बांधलेल्या. त्याचेच तिळाचे लाडू केले. रंग काळा, वास नारळाचा आणि किंचित धुराचा. मंडळात सगळ्यांनी विचारलं, कुठला हा? ‘आमच्या गुऱ्हाळाचा,’ म्हणाले. तोंडातून ‘आमच्या’ गेलं. घरी येऊन उरलेली ढेप सुरीने फोडत उभी राहिले, उगाच.

११ फेब्रु.
सॅन फ्रान्सिस्को. इमिग्रेशनचा इंटरव्ह्यू, मी आणि मुक्ता. ऑफिसर वयस्कर, सर्दी झालेला.
‘नवरा कुठे?’
‘इंडोनेशियात.’
‘काय करतो?’
‘साखर.’ गुळाला दुसरं काय म्हणू?
तो हसला. ‘मग परत का येईल?’
थट्टाच. पण उत्तर द्यायचंच असतं अशा खुर्चीत. म्हटलं, आम्ही इथे आहोत म्हणून. त्याने मुक्ताकडे बघितलं, मुक्ताने छताकडे.

२६ मार्च
कार्डं आली. दोघींची. काकूंनी शिरा केला. मी कार्ड हातात घेऊन बसले. एवढ्यासाठी शनिवार दिले, रॉनचं हसणं गिळलं. आता नोकरी सोडता येईल. आणि जाऊ कुठे? सगळ्या कंपन्या माणसं काढतायत. शिवाय गुऱ्हाळ अजून स्वतःच्या पायावर नाही, दर महिन्याला पैसे इथूनच जातात. आता बाहेरही जाता येईल, पण राहता येणार नाही. राहिले की कार्ड गेलं.
सु.चं आता जकार्ताहून होईल. वकील म्हणतो, तिथल्या अमेरिकन वकिलातीत एक मुलाखत, पुढे सोपं.

२७ एप्रिल
फोन. सु.ला तारीख मिळाली, मे महिन्यातली. ‘येतो,’ म्हणाला. स्पष्ट ऐकू आलं. मी परत विचारलं, तरी ‘येतो’. कपाटातला त्याचा कप्पा आवरला. मुक्ताने वेलकमचा बोर्ड करायला घेतला, बाबा मराठीत लिहायचं का इंग्लिशमध्ये ते विचारायला आली.

१८ मे
गेला नाही जकार्ताला.
निघायच्या दिवशी सकाळी कढई उतरवताना दांडा निसटला. उकळता रस बू सुम नावाच्या बाईंच्या हातावर. खांद्यापासून. सगळ्यात आधी ज्यांनी आपली चूल बंद करून याच्यावर विश्वास ठेवला, त्या. याने जीप जकार्ताच्या रस्त्याला लावायची ती उलट दिशेला, शहरातल्या दवाखान्याकडे लावली. तिथेच राहिला त्यांच्याजवळ. वकिलातीची तारीख गेली.
‘मी काय करायला हवं होतं, नलू?’
काही नाही. हेच. मीही हेच केलं असतं.
रागवायलासुद्धा जागा ठेवली नाही त्याने.

१ जून
नवी तारीख मागितली का? ‘मागतो.’ बू सुमचा हात वाचला, पण बोटं अजून वळत नाहीत. त्या बऱ्या होईपर्यंत निघणं बरं दिसत नाही. शिवाय हादीच्या भावाचं म्हणणं, तू गेलास तर लोक रस आणायचे नाहीत. विकून टाक म्हटलं. ‘कुणाला? आणि काय? जमीन माझी नाही. मी निघालो तर कढईसुद्धा माझी राहणार नाही.’ मग, हळू : ‘आणि मला विकायचं पण नाहीये गं.’
हे खरं. बाकीची कारणं मागाहूनची.

९ जुलै, सु.चं गाव
रजा मिळाली. रॉन म्हणाला, परत येशील ना? यालाही त्या इमिग्रेशन ऑफिसरचाच प्रश्न.
जीपमधून उतरले तर समोर हा. वाळलेला, काळा, कमरेला लुंगी. बारकी पोरं मागे. ‘पाक सुधीर, पाक सुधीर.’ पाक म्हणजे आपलं ‘काका’सारखं. सगळे थांबून बोलतात त्याच्याशी, भांडणंसुद्धा आणतात. बाल्कनीत मिरच्यांची फुलं मोजणारा हा नव्हेच.
डोंगरउतार, भाताची खाचरं, माणसं नारळावर चढून बांबूच्या नळकांड्यांत रस उतरवतात. शेडमध्ये गुळाचा वास थेट त्याच्या घरच्या गुऱ्हाळासारखा. मला आनंद झाला. झाला, हे लिहिलं पाहिजे.

१४ जुलै
बू सुम भेटायला आल्या. हाताची कातडी गुलाबी, ओढलेली. दुसऱ्या हाताने माझा हात धरून बराच वेळ काहीतरी म्हणत होत्या. सु.ने सांगितलं : ‘म्हणतायत, तुझा नवरा आम्ही ठेवून घेतला, राग मानू नको.’
म्हटलं, सांग त्यांना, मानला होता.
त्याने सांगितलं. त्या हसल्या, मान हलवली, आणि हात सोडला नाही.

२१ जुलै
मुक्ता मराठी बोलते! इथे इंग्लिश कुणालाच येत नाही, बाबाशी बोलायचं तर मराठीच. ‘बाबा, हे कसं भरायचं?’ ‘बाबा, ती मला बोलावतेय.’ दिवसभर अनवाणी, करवंट्यांत गूळ ओतायला बायकांच्या मध्ये बसलेली. सनीव्हेलमध्ये तिला एक मैत्रीण नाही हे मला माहीत होतं. माहीत असून मी ऑफिसला जात होते.
मी इथे काय करू शकेन, रोज मनात बघते. शेडच्या ओट्यावर बसते. बायका सरकून जागा देतात, पाहुण्यांना देतात तशी. दिवसभर बसून राहिल्यावर कळतं. सुधीर तीन वर्षं कसा बसला असेल.

२६ जुलै
उद्या निघायचं. मुक्ता म्हणाली, मी नाही येणार. रडली नाही, ओरडली नाही. मला वाटतं म्हणूनच मी ऐकलं. सु. : ‘महिनाभर राहू दे. हादीची बायको आलीये माहेरी, ती ऑगस्टअखेर परत जाईल, तिच्याबरोबर पाठवतो. शाळेच्या आत.’
‘नक्की?’
‘नक्की.’
‘आणि तू?’
तो नव्या तारखेबद्दल सांगायला लागला. मी म्हटलं, राहू दे, झोप.

३ ऑगस्ट, सनीव्हेल
घर. फ्रीजचा आवाज एवढा असतो?

१७ ऑगस्ट
फोन. मुक्ता घडाघडा मराठीत : चिखलात रोपं लावली, पाय रुतला, चप्पल गेली. तिकडची शाळा बघून आली. युनिफॉर्म लाल-पांढरा असतो, आई. ‘बघून’ म्हणजे नुसती बघून का, ते विचारलं नाही.
काकू म्हणाल्या, ‘पोर आहे, चार दिवस रमलीये. तू ठाम राहा.’ ठामच आहे. जागच्या जागी ठाम.

२४ ऑगस्ट
फोन. मुक्ता आली नाही फोनवर, गावातच राहिली म्हणे. सु. म्हणाला, ‘तिच्याशी बोलतोय मी. जबरदस्ती करू का?’
मी हो म्हणायला हवं होतं. किंवा नाही.
‘तुला काय वाटतं?’ मी विचारलं.
‘मला ती हवी आहे. तूही हवी आहेस. आणि मी तिकडे आलो तर मरेन, नलू.’
इतकं सरळ तो कधी बोलला नव्हता. मी म्हटलं, मी तिथे आले तर मीही. मग दोघंही हसलो, का कोण जाणे.

२९ ऑगस्ट
मुक्ताच्या शाळेतून फोन, ऑफिसात. पुढच्या आठवड्यात वर्ग सुरू होतायत, मुक्ता येणार आहे ना, जागेसाठी मुलं थांबली आहेत. म्हटलं, येणार आहे. जागा ठेवा. रॉन दारात उभा होता, काम घेऊन.
घरी आल्यावर जिन्यात हादी भेटला. उद्या दुपारी एअरपोर्टला जाऊ, मी गाडी काढतो, म्हणाला. त्याची बायको त्या विमानाने नक्की येतेय. मुक्ताचं त्यालाही माहीत नाही.